फोन हिसकावण्याआधी

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. बाकीच्या बैठकांत वाचून दाखवता यावा म्हणून छापत आहोत.)



कापसाच्या भावावर बोलून झाले, पीकविम्यावर बोलून झाले. आता जो विषय घेतो आहोत तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. गेली दोन-तीन वर्षे गावोगाव बैठक संपली की एक-दोन माणसे मागे रेंगाळतात. चपला सापडत नाहीत असे दाखवतात. बाकीचे पांगले की हळूच विचारतात, "भाऊ, पोट्टं रात्रभर मोबाईल घेऊन बसते. काय करावं?" कर्जाबद्दल चारचौघांत बोलायला आपण चळवळीत शिकलो. कर्ज फिटत नाही यात आपली लाज कसली, असे उभे राहून म्हणू लागलो. पण ही गोष्ट अजून अंधारात विचारली जाते. म्हणून ती आज मांडवात मांडतो.

आधी एक हकीकत. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. घरच्यांनी तेवढ्याच अटीवर सांगायची परवानगी दिली आहे.

२०२४ ची दिवाळी झाली होती. एका कोरडवाहू कास्तकाराने १२ क्विंटल कापूस खाजगी व्यापाऱ्याला दिला. भाव ७,००० रुपये. ८४,००० रुपये खात्यात जमा झाले. संक्रांतीनंतर कृषी केंद्राची उधारी फेडायला बँकेत गेला, तर हिशेबात ३७,४६० रुपये कमी. तो सरळ आमच्याकडे आला. बँकेने पैसे खाल्ले असे त्याचे म्हणणे. आम्हाला बँकेशी भांडायची सवय. पंधरा-वीस माणसे घेऊन गेलो. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तिथल्या अधिकाऱ्याने वाद घातला नाही. खात्याचा उतारा छापून आमच्या हातात दिला. पानेच्या पाने. २११ वेळा पैसे गेलेले. ८० रुपये, २४०, ४००, पुन्हा ८०.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर दिव्याखाली तो उतारा वाचत बसलो. फोनमधल्या नोंदी लावून पाहिल्या तर बहुतेक पैसे रात्री अकरा ते पहाटे तीनच्या दरम्यान गेलेले. बाप म्हणाला, "मी तर नऊला झोपतो." तेव्हा आमची नजर दाराकडे गेली. बारावीतला पोरगा चौकट धरून उभा होता. एका गोळीबाराच्या खेळात पैसे गेले होते. खेळातली बंदूक, खेळातले कपडे, खेळातले हिरे. बापाने अंगणातली पऱ्हाटीची काडी उचलली, आम्ही मध्ये पडलो. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्या अधिकाऱ्याची माफी मागितली. मंचावरून हे सांगणे सोपे नाही. पण आम्ही शेतीचे शिकलेलो, खात्याचे उतारे रोज पाहणारे, आणि चोर बाहेरचाच असणार हे धरून निघालो होतो.

त्या रात्री तिथेच मुक्काम केला. पोरगा पहाटे बोलता झाला. खेळात त्यांची पाच जणांची टोळी. कोणी पुण्याचा, कोणी नागपूरचा. एकमेकांना कधी पाहिलेले नाही. हा त्यांचा कप्तान. तो म्हणाला, "काका, तिथे माझं ऐकतात. मी सांगितलं तिकडे सगळे जातात." आणि साध्या कपड्यातल्या कप्तानाला तिथे हसतात, म्हणून कपडे विकत घेतले. भावांनो, हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. सतरा वर्षांच्या पोराचे घरात, वावरात, शाळेत कोणी काही ऐकत नव्हते. काम सांगत होते, ऐकत नव्हते.

आता मुळाशी जाऊ. हा फोन त्या घरात आला कसा? २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. पोरगा तेव्हा सातवीतून आठवीत गेला. वर्ग फोनवर भरणार असे सांगितले गेले. बापाने दोन शेळ्या विकल्या आणि फोन घेतला. इंटरनेट तर त्याआधीच स्वस्त झाले होते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले. त्याआधी एक जीबीला दोनशेच्या वर रुपये मोजावे लागत, ते काही रुपयांवर आले. शाळा पुन्हा उघडल्या, फोन पोराच्याच हातात राहिला.

कारण तोवर पोरगा घरचा मुनीम झाला होता. २०२१ पासून सातबाऱ्यावर पीक चढवायचे तर ई-पीक पाहणी फोनवर करायची. बापाला जमत नाही, पोरगा बांधावर जाऊन फोटो काढतो. पीएम किसानची केवायसी, विम्याचा अर्ज, २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, सगळे पोराच्या हातून. ओटीपी आला की बाप फोन पोराकडे देतो. एटीएम कार्डावरचे आकडे घालून यूपीआय सुरू केले पोराने, पिन ठेवला पोराने. बापाला स्वतःचा पिन ठाऊक नाही! तिजोरीची किल्ली सतरा वर्षांच्या पोराच्या खिशात आपण स्वतः टाकली, आणि मग पोरगा बिघडला म्हणून कपाळावर हात मारून घेतला. सरकारने कागद बंद करून सगळे फोनवर आणले, बापाला शिकवायची तजवीज केली नाही, हेही खरेच. पण शिकायला आपणही कुठे गेलो?

दुसरी बाजू धंद्याची. खेळ फुकट, चित्रफिती फुकट. फुकट दिसले की शेतकऱ्याने विचारले पाहिजे, यात माल कोणता आणि गिऱ्हाईक कोण? फेसबुक, इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरच्या वर होते, आणि त्यातले ९७ टक्क्यांच्या वर जाहिरातीचे. म्हणजे गिऱ्हाईक जाहिरात देणारा. माल आहे पाहणाऱ्याचा वेळ. आपल्या पोराची रात्रीची झोप तिथे विकली जाते. कापूस आपण निदान काट्यावर तोलून देतो, याला तर मापही नाही.

हा माल जास्तीत जास्त निघावा म्हणून यंत्राची रचनाच तशी केली आहे. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दर वेळी दाणा मिळतो असे असले, तर कबुतर भुकेपुरती चोच मारते. कधी मिळतो, कधी नाही, असे केले तर ते चोच मारतच राहते. वरली मटक्याचे दुसरे काय आहे? बोटाने वर सरकवले की एक चित्रफीत भिकार, दुसरी भिकार, तिसरी झकास. त्या तिसरीसाठी बोट चालत राहते. पूर्वी पान संपायचे, आता संपत नाही. न संपणाऱ्या पानाची ही मांडणी २००६ साली एझा रास्किन या तंत्रज्ञाने काढली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. अशा यंत्रापुढे चौदा वर्षांच्या पोराचा निश्चय टिकत नाही म्हणून त्याला नालायक म्हणणे म्हणजे अमेरिकेचा अनुदानाचा कापूस समोर असताना आपल्या कास्तकाराला आळशी म्हणण्यासारखे आहे.

पण लगेच सगळी पोरे आजारी ठरवू नका. असर संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्क्यांनी तो वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे दोन्ही चालते. पाहणाऱ्या प्रत्येकाला व्यसन लागलेले नाही.

आपल्याकडे बोंडअळीचे जसे असते तसे याचे आहे. एक पतंग दिसला की पंप पाठीवर घेणारा कास्तकार औषधात बुडतो. आम्ही नेहमी सांगतो, २० हिरवी बोंडे फोडा, २ किडकी निघाली तर फवारा. आणि गुलाबी अळीचे बोंड बाहेरून हिरवेगार दिसते हे २०१७ साली आपण भोगून शिकलो. डोमकळी ओळखता आली पाहिजे. पोराचेही नुसते तास मोजून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतले, ती यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू आहे. त्यांच्या खुणा तीन. आवरायचे म्हटले तरी आवरत नाही. बाकी सगळ्या गोष्टी मागे पडून खेळ पुढे येतो. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही थांबत नाही. हे सहसा वर्षभर चाललेले असावे आणि त्याने शाळा, घर, मैत्री यांचे ठळक नुकसान झालेले असावे, तेव्हा आजार म्हणायचे. रील पाहण्याचे नाव त्या यादीत वेगळे नाही, पण खुणा पारखायला तिथेही त्याच उपयोगी पडतात. झोप गेली का? पूर्वी कबड्डीला जाणारा पोरगा जायचा थांबला का? जेवताना नजर वर करत नाही का? खोटे बोलू लागला का? पैसे जातात का?

आणखी एक बोंड फोडून पाहा. कधी पोरगा आधी आतून खचलेला असतो. नापास झाला आहे, घरात सावकाराचा तगादा आहे, आईबापाचे भांडण आहे, शाळेत कोणी जातीवरून बोलले आहे. ते विसरायला तो फोनात शिरतो. फोनामुळे खचला की खचला म्हणून फोनात गेला, हे बाहेरून सांगता येत नाही. अशा पोराचा फोन रागाच्या भरात हिसकावून विहिरीत टाकला, तर त्याचा शेवटचा आधार काढून घेतल्यासारखे होते. त्यातून जिवावर बेतले आहे अशा बातम्या तुम्हीही वाचल्या आहेत. मरणाची भाषा पोराच्या तोंडी आली तर नाटक म्हणून सोडू नका, त्याला एकटे ठेवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे न्या. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. बाबा-मांत्रिकाकडे नेऊन अंगारा लावल्याने काही होत नाही.

आता बंदीचे. दर बैठकीत कोणीतरी उठून म्हणतो, अठराच्या आतल्यांना फोनच नको. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्शी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरात ग्रामसभेत तसा ठराव केला. त्या गावाची कळकळ खरी आहे, तिला आमचा नमस्कार. पण उपायाबद्दल आम्हाला शंका आहे. बंदी काय करते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेणे गुन्हा होता. कापूस थांबला का? रात्री गेला, आडवाटेने गेला, नाक्यावर पैसे देऊन गेला. शेतकरी तेवढा चोर ठरला. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळ बंद केले. पोरे आईबापाच्या नावाने आत शिरली. शेवटी तो कायदा मागे घेतला, २०२२ लागताना तो संपला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाई केली आहे. त्यात दंड कंपनीला आहे, पोराला किंवा बापाला नाही, एवढी गोष्ट आम्हाला पटते. आपल्या संसदेनेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो खेळ चालवणाऱ्यावर आणि जाहिरात करणाऱ्यावर आहे. पण त्या पोराचे ३७,४६० रुपये ज्या खेळात गेले तो पैजेचा नव्हताच. कपडे विकणारे दुकान होते ते.

आणि बंदीचा पहिला घाव कोणावर पडतो? मायबहिणींनो, तुम्हीच सांगा. पोरगा रात्रभर खेळला तर शिव्या खातो, सकाळी पुन्हा फोन त्याच्या हातात. पोरीच्या फोनवर एका पोराचा नमस्कार आला तर फोन जातो, मागोमाग शाळा जाते, आणि वैशाखात मांडव पडतो. असरच्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिला लाखोंनी जमल्या, त्यांच्या नाती आज बारावीत आहेत. पोरांच्या व्यसनाच्या नावाखाली नातींचे शिक्षण तोडणार असाल, तर या विषयाला हात न लावलेलाच बरा. पोरीला कोणी फोनवर धमकावत असेल, फोटोचा गैरवापर करत असेल, तर तिने घरी सांगावे असे वाटते ना? फोन काढून घेतला जाईल हे तिला ठाऊक असेल तर ती कधीच सांगणार नाही.

मग करायचे काय? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास घरोघरी टीव्ही बंद, मोबाईल बंद. त्यात आम्हाला आवडले ते हे, की भोंगा सगळ्यांसाठी होता. पोरगा अभ्यासाला आणि बाप रीलला, असे नाही. पण सातची वेळ उचलून आपल्याकडे आणू नका. वेचणीच्या दिवसांत माय सातला वावरातून येते, चूल पेटायची असते, वीज कधी असते कधी नसते. आपल्या गावची वेळ आपल्या बायकांना विचारून ठरवा. पाऊण तास चालेल, पण बापाचा फोनही बंद पाहिजे. आम्ही हा प्रयोग आधी आमच्या कार्यकर्त्यांच्या घरी केला. तिसऱ्या दिवशी मोडला तो आम्हीच. जिनिंगवाल्याचा फोन आला म्हणून.

रात्री घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगला लावा, अंथरुणात कोणाचाच नको. वाढत्या वयाच्या पोराला आठ तासांची झोप लागते. पोरगा जागलीला जात असेल तर त्याला साधा बटनाचा फोन द्या. बॅटरीही चांगली चालते. जागलीवर रील पाहणाऱ्या पोराच्या मागून रानडुकरांनी जवारी लोळवल्याचे दोन गावांत आम्ही स्वतः पाहिले आहे. त्याच्या डोळ्यांपुढे उजेड होता, मागचे काही दिसत नव्हते.

आणि बापाने फोन शिकावा. हे सगळ्यांत महत्त्वाचे आणि सगळ्यांत नकोसे काम आहे. पिन आपला आपण बदला. यूपीआयमध्ये ऑटोपे नावाची जागा असते, तिथे कोणाला दर महिन्याला पैसे कापायची परवानगी दिली गेली आहे ते दिसते. नको ती बंद करा. कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात ते खाते यूपीआयला जोडूच नका, खर्चापुरते दुसरे ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग असे लिहिलेले सापडेल, कोणत्या ॲपवर दिवसाला किती तास गेले ते तिथे कळते. पोराचे पाहण्याआधी आपले पाहा. आमचे पाहिले तर रोजचे तीन तास दहा मिनिटे निघाले, आणि बाजारभाव पाहण्यात त्यातली वीस मिनिटेही गेली नव्हती. फसवणूक होऊन पैसे गेले तर १९३० या नंबरवर लगेच कळवा. पोराने खेळात घालवलेले पैसे परत मिळणे कठीण. अठराच्या आतल्या पोराशी केलेला करार १८७२ च्या कायद्याने टिकत नाही, तो मुद्दा घेऊन आम्ही त्या खेळवाल्यांना तीन पत्रे लिहिली. तिन्हींना यंत्राने लिहिलेले एकच उत्तर आले.

त्या पोराचे पुढे काय झाले ते विचाराल. बारावीचे वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा बसला. खेळ पूर्ण सुटला असे तो म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही, पण पैसे लावणे थांबले. बापाने एक गोष्ट केली. या खरिपात वावराचा हिशेब पोराच्या हाती दिला, वहीत, फोनवर नाही. बियाणे कोणते, किती पाकिटे, तुरीच्या ओळी किती, कापूस कधी विकायचा, हे त्याला विचारून ठरवले. दोन एकर जवारी पेरायची हा निर्णय पोराचा होता, बापाला सोयाबीन हवे होते. जवारीला भाव काही मिळाला नाही. कडबा मात्र चांगला गेला, आणि पोरगा ते आकडे तोंडपाठ सांगतो.

चहा झाल्यावर मांडवाच्या डाव्या बाजूला कॉलेजची सहा पोरेपोरी सतरंजी टाकून बसणार आहेत. पिन बदलणे, ऑटोपे पाहणे आणि ई-पीक पाहणी स्वतःची स्वतः करणे, एवढे तीन विषय ते शिकवतील. बायांसाठी सतरंजी वेगळी आहे, तिथे दोघी मुली शिकवतील. ज्यांचा फोन घरी पोराकडे राहिला आहे त्यांनी आज नुसते पाहून घ्यावे, आणि पुढच्या बैठकीला फोन आणि पोरगा दोघांना घेऊन यावे.